गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुनर्रचना

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय दोरीचा, तुकडा कलम म्हणून बसविण्याची शस्त्रक्रिया. हे कलम बहुधा रुग्णाच्याच शरीरातून घेतात. पुनर्रचनेची गरज सर्वांत अधिक भासते ती अग्र क्रूसाकृती अस्थिबंधाच्या बाबतीत. खेळाडूंमध्ये व रुग्णांमध्ये हा अस्थिबंध ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. प्रस्तुत नोंदीत या शस्त्रक्रियेचा विकास आणि तिच्या फलनिष्पत्तीविषयीच्या कल्पनांत झालेले बदल यांचा आढावा घेतला आहे.

रचना व इजा : गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असतात आणि त्यांच्यापुढे गुडघ्याची वाटी असते. हाडांचे पृष्ठभाग एकमेकांत घट्ट बसणारे नसल्यामुळे सांध्याचे स्थैर्य मुख्यतः अस्थिबंध आणि स्नायू यांवर अवलंबून असते. सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीप्रमाणे छेदून जातात. त्यांपैकी पुढचा, सु. ३ सेंमी. लांबीचा अस्थिबंध नडगीच्या हाडाला पुढे सरकण्यापासून व प्रमाणाबाहेर आत वळण्यापासून रोखतो. धावता धावता एकदम थांबणे, पाय रोवून शरीर वळविणे किंवा उडी मारून चुकीच्या पद्धतीने जमिनीवर येणे अशा वेळी, कोणाचाही धक्का लागलेला नसतानाही, तो तुटू शकतो. फुटबॉल, बास्केटबॉल, बर्फावरील घसरखेळ यांप्रमाणेच कबड्डीतही ही इजा नेहमी आढळते. दुचाकी वाहनांचे अपघात हे भारतातील तिचे आणखी एक महत्त्वाचे कारण होय. तुटताना रुग्णाला बहुधा ‘कट्’ असा आवाज जाणवतो आणि सांध्यात रक्त साचून काही तासांतच गुडघा सुजतो. सूज ओसरल्यावर चालणे जमते. परंतु वळताना किंवा जिना उतरताना गुडघा एकाएकी दगा देतो. प्रत्येक अशा प्रसंगी सांध्यातील अर्धचंद्राकृती कूर्चांना इजा होण्याचा संभव असतो आणि खरे दूरगामी नुकसान बहुतांशी तेथूनच सुरू होते.

शरीरातील इतर अनेक अस्थिबंध तुटल्यावर आपोआप जुळून येतात. हा अस्थिबंध मात्र सांध्यातील वंगणद्रवाने वेढलेला असल्यामुळे त्याच्या तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही व दोन्ही टोके सांधणारी नवी ऊतके सहसा तयार होत नाहीत. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील बरेचसे प्रयत्न या एका अडचणीशी निगडित आहेत.

प्रारंभीचे ज्ञान : गुडघ्यातील अस्थिबंधांचा सांध्याच्या स्थैर्याशी असलेला संबंध इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्यांना ठाऊक होता. तथापि त्याचा प्रायोगिक अभ्यास एकोणिसाव्या शतकातील आहे. व्हिल्हेल्म व एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्याच्या यांत्रिकीवरील आपल्या ग्रंथात, हा अस्थिबंध कापल्यावर नडगीचे हाड मागेपुढे कसे सरकते, ते नोंदविले. फ्रान्समधील ल्याँ येथील आमेदे बॉने यांनी १८४५ मध्ये या इजेची लक्षणे वर्णन केली. शिवाय सांधा दीर्घकाळ जखडून ठेवल्याने त्याची हानी होते, असा इशाराही दिला. हा इशारा पुढे शतकाहून अधिक काळ दुर्लक्षित राहिला. १८५० मध्ये एडिंबरो येथील जेम्स स्टार्क यांनी अशा रुग्णांच्या उपचारांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांचा उपचार पाय जखडून ठेवण्याचाच होता.

शिवण्याचे प्रयत्न : तुटलेली दोरी पुन्हा जोडावी, ही कल्पना स्वाभाविक होती. इंग्लंडमधील लीड्झ येथे आर्थर मेयो रॉब्सन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे दोन्ही क्रूसाकृती अस्थिबंध शिवले आणि त्याचे वृत्त १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. काही वर्षांनी तो रुग्ण न लंगडता चालत होता. त्या काळी यशाची व्याख्या एवढीच होती : पाय वजन पेलतो आणि माणूस चालतो. सर्वच शल्यविशारद या मताचे नव्हते. अस्थिव्यंगचिकित्सेतील ब्रिटिश अग्रणी रॉबर्ट जोन्स यांनी १९१६ मध्ये असे शिवणे निरर्थक असून निसर्गतः तयार होणाऱ्या व्रण-ऊतकावरच विसंबावे, असे प्रतिपादन केले.

स्वीडनमधील ईव्हार पाल्मर यांनी १९३८ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधांवरील आपल्या प्रबंधात इजा झाल्याबरोबर शिवण्याचा पुरस्कार केला. अमेरिकेतील डॉन ओडोनोह्यू यांनी १९५० पासून खेळाडूंच्या बाबतीत तेच धोरण पुढे नेले. या मताचा कस लागला तो वेस्ट पॉइंट येथील अमेरिकन लष्करी प्रबोधिनीत. तेथील छात्रांचे अस्थिबंध शिवल्यानंतर पहिल्या दोन वर्षांत बहुतेकांचे गुडघे समाधानकारक होते. परंतु जॉन फेगिन व वॉल्टन कर्ल यांनी १९७६ मध्ये पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र पालटले. बहुसंख्य छात्रांचे गुडघे अस्थिर झाले होते आणि अनेकांना पुन्हा इजा झाली होती. केवळ शिवण्याची पद्धत त्यानंतर मागे पडली. या पाहणीचे महत्त्व एवढ्यापुरते मर्यादित नाही. दोन वर्षांचे यश पाच वर्षांनी अपयश ठरू शकते, हे तिने दाखवून दिले. या विषयातील प्रत्येक दाव्याबाबत ‘किती वर्षांनी पाहिले?’ हा प्रश्न तेव्हापासून अपरिहार्य झाला.

कलमाचा उदय : शिवण्याऐवजी नवी दोरी घालण्याची कल्पना ब्रिस्टल येथील अर्नेस्ट हे ग्रोव्हझ यांनी १९१७ मध्ये यशस्वीपणे अंमलात आणली. मांडीच्या बाहेरील बाजूस असणाऱ्या जाड प्रावरणीची पट्टी त्यांनी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवली आणि मूळ अस्थिबंधाच्या जागी ताणून बसविली. १९२० मध्ये त्यांनी अशा १४ रुग्णांचे वृत्त दिले. हाडांत बोगदे पाडून त्यांतून कलम ओवण्याचे त्यांचे तत्त्व पुढे कायम राहिले. बदलले ते कलमाचे द्रव्य आणि ते घट्ट बसविण्याची साधने.

मिलान येथील रिकार्दो गालेआत्सी यांनी १९३४ मध्ये मांडीच्या मागील बाजूच्या सेमिटेंडिनोसस या स्नायूची कंडरा वापरली. अमेरिकेत विलिस कँबेल यांनी १९३६ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेची पट्टी उपयोगात आणली, तर हॅरी मेसी यांनी १९३९ मध्ये पुन्हा सेमिटेंडिनोससचा मार्ग स्वीकारला. अशा रीतीने आज प्रचलित असलेल्या दोन प्रमुख कलमांची बीजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच रुजलेली होती. त्यांचा प्रसार मात्र नंतरच्या काळातील आहे. केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये वाटीखालील कंडरेचा मधला तृतीयांश भाग वाटीच्या हाडाच्या तुकड्यासह घेतला. त्याचे खालचे टोक नडगीच्या हाडाला जोडलेलेच ठेवले होते. जर्मनीत हेल्मूट ब्रूकनर यांनी १९६६ मध्ये अशाच स्वरूपाची पद्धत मांडली व कुर्ट फ्रांके यांनी १९६९ मध्ये दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेले, पूर्णपणे सुटे कलम वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाडाचा तुकडा हाडाच्या बोगद्यात लवकर सांधला जातो, हा या कलमाचा मोठा गुण होय. याच सुमारास फ्रान्समधील मार्सेल लमेअर यांनी १९६७ मध्ये सांध्याच्या आत न शिरता बाहेरील बाजूस पट्टी ताणून गुडघ्याचे वळणे रोखण्याची शस्त्रक्रिया सुचविली.

कृत्रिम अस्थिबंध : रुग्णाच्या एका निरोगी भागाला इजा करून दुसरा भाग दुरुस्त करावा लागतो, ही कलमातील उणीव टाळण्यासाठी कृत्रिम द्रव्यांचा शोध फार पूर्वी सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रिट्स लांगे यांनी रेशमी धागे वापरून पाहिले. १९७० च्या दशकानंतर कार्बन तंतू, डॅक्रॉन, गोर-टेक्स इ. द्रव्ये पुढे आली. रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर लगेच चालता येत असे आणि आरंभीचे निष्कर्षही उत्साहवर्धक होते. तथापि निर्जीव तंतू स्वतःची झीज भरून काढू शकत नाहीत. गुडघ्याच्या लक्षावधी हालचालींत ते झिजले. सुटलेल्या कणांनी सांध्याच्या अस्तराला दाह उत्पन्न केला आणि अनेक अस्थिबंध तुटले. गोर-टेक्सच्या अस्थिबंधाला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली आणि १९९३ मध्ये तो बाजारातून काढून घेण्यात आला. वेस्ट पॉइंटचा धडा येथे वेगळ्या स्वरूपात पुन्हा मिळाला.

कलमाचे जीवन : फ्रँक नॉइझ व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये निरनिराळ्या कलमांचे बल मोजून मूळ अस्थिबंधाशी त्याची तुलना केली. वाटीखालील कंडरेची हाडांच्या तुकड्यांसह घेतलेली १४ मिमी. रुंदीची पट्टी मूळ अस्थिबंधाच्या १६८ टक्के, सेमिटेंडिनोससची एकेरी कंडरा ७० टक्के, तर ग्रॅसिलिसची ४९ टक्के इतका ताण सहन करते, असे त्यांना आढळले. यावरून मांडीमागील कंडरा वापरावयाच्या झाल्यास त्या दुमडून दुपदरी किंवा चौपदरी कराव्यात, हे स्पष्ट झाले व पुढे तीच पद्धत रूढ झाली.

परंतु बसविण्याच्या दिवशीचे बल कायम राहत नाही. स्टीव्हन अर्नॉक्झ्की व सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर (१९८२) आणि डेव्हिड ॲमिएल व सहकाऱ्यांनी सशांवर (१९८६) केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की कलमातील मूळच्या कोशिका आरंभी मृत होतात. नंतर आजूबाजूच्या ऊतकांतून रक्तवाहिन्या व नव्या कोशिका आत शिरतात आणि कलमाची रचना हळूहळू अस्थिबंधासारखी होत जाते. या अवस्थांतराच्या प्रारंभीच्या काही महिन्यांत कलम दुबळे असते. माणसात ही क्रिया एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ चालते. रुग्णाला मात्र तीनचार महिन्यांतच गुडघा बरा वाटू लागतो. वेदना नाहीशी होणे आणि कलम पक्व होणे या दोहोंमधील हा अंतराय पुनर्वसनातील सर्वांत नाजूक काळ होय.

संधिदर्शकाचा वापर : टोकिओ येथील ताकागी केंजी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशयदर्शक घालून आतील भाग पाहिला. त्यांचे शिष्य वातानाबे मासाकी यांनी पुढे व्यवहारोपयोगी संधिदर्शक तयार केला. त्याच्या साहाय्याने क्रूसाकृती अस्थिबंधाची पहिली पुनर्रचना इंग्लंडमधील डेव्हिड डँडी यांनी १९८० मध्ये केली. लांब छेदाऐवजी लहान छिद्रांतून काम होऊ लागल्याने वेदना व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. मात्र कलमाचा जैव कालक्रम त्यामुळे बदलला नाही.

पुनर्वसन : १९८० पर्यंत शस्त्रक्रियेनंतर गुडघा कित्येक आठवडे साच्यात जखडून ठेवीत. त्यामुळे कलम सुरक्षित राही, पण गुडघा आखडे व मांडीचे स्नायू क्षीण होत. अमेरिकेतील डॉनल्ड शेल्बर्न व पॉल निट्झ यांना असे आढळले, की सांगितलेली बंधने न पाळता लवकर हालचाल करणाऱ्या रुग्णांची प्रगती आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगली होते. या निरीक्षणावरून त्यांनी १९९० मध्ये ‘त्वरित पुनर्वसना’ची योजना प्रसिद्ध केली. गुडघा पहिल्या दिवसापासून पूर्ण सरळ करणे, लवकर वजन टाकणे आणि स्नायूंना काम देणे ही तिची सूत्रे होत. बॉने यांनी १८४५ मध्ये जखडून ठेवण्याविरुद्ध दिलेला इशारा अशा प्रकारे दीर्घ काळाने मान्य झाला. हालचाल लवकर सुरू करावी हे तत्त्व टिकले; खेळाकडे लवकर परतण्याचा भाग मात्र पुढील अनुभवाने मागे घ्यावा लागला.

कलमाची निवड : वाटीखालील कंडरेचे कलम घट्ट बसते; परंतु ते घेतल्यानंतर काही रुग्णांना वाटीच्या पुढील भागात वेदना राहते आणि गुडघे टेकणे त्रासदायक होते. मांडीमागील कंडरांच्या बाबतीत ही तक्रार कमी असते. पण गुडघा खोल वाकविण्याचे बल काही अंशी घटते व तरुण खेळाडूंमध्ये सांधा थोडा सैल राहण्याचा संभव अधिक असतो. अलीकडे वाटीवरील कंडरेचाही वापर वाढला आहे. मृत दात्याच्या कंडरेमुळे रुग्णाच्या शरीरातून कलम घेण्याची गरज राहत नाही, परंतु तरुण व खेळाडू रुग्णांमध्ये अशी कलमे अधिक प्रमाणात तुटतात. निवड करताना रुग्णाच्या राहणीचाही विचार करावा लागतो. भारतात जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे, गुडघे टेकून पूजा वा प्रार्थना करणे हे दैनंदिन व्यवहार आहेत. शेतात वाकून काम करणाऱ्याच्या दृष्टीने गुडघा पूर्ण वाकणे हे धावण्याच्या वेगापेक्षा अधिक मोलाचे असते.

फलनिष्पत्तीचे मापन : नडगीचे हाड किती मिलिमीटर पुढे सरकते, हे पूर्वी शल्यविशारद हाताने अजमावीत. जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८० च्या दशकात हे सरकणे मोजणारी उपकरणे आली. परंतु घट्ट गुडघ्याचा रुग्णही असमाधानी असू शकतो, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून रुग्णालाच प्रश्न विचारून गुण देणाऱ्या पद्धती पुढे आल्या. जॅक लीसहोल्म व यान यिलक्विस्ट यांची गुणपद्धती (१९८२) आणि स्वीडनमध्येच तयार झालेली ‘कूस’ ही प्रश्नावली (१९९८) या त्यांपैकी प्रमुख होत. नॉर्वे (२००४) तसेच डेन्मार्क व स्वीडन (२००५) या देशांनी अशा सर्व शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या. त्यामुळे नामांकित केंद्रांतील निवडक रुग्णांऐवजी सर्वसामान्य रुग्णांचे पुढे काय होते, हे कळू लागले.

या मापनाचे निष्कर्ष आशादायक असले, तरी सरळसोट नाहीत. क्लेअर आर्डर्न व सहकाऱ्यांनी ६९ अभ्यासांतील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार सु. ८१ टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे, ६५ टक्के इजेपूर्वीच्या पातळीवर, तर ५५ टक्केच स्पर्धात्मक खेळाकडे परतले. न परतणाऱ्यांपैकी सर्वांचे गुडघे सदोष नव्हते; पुन्हा इजा होईल ही भीती हेही एक महत्त्वाचे कारण होते. २०१६ मधील दुसऱ्या एका संकलनानुसार एकूण सु. १५ टक्के आणि खेळाकडे परतलेल्या २५ वर्षांखालील रुग्णांपैकी सु. २३ टक्के रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा ही इजा झाली. त्याच वर्षी नॉर्वे व अमेरिका येथील १०६ रुग्णांच्या अभ्यासात, खेळाकडे परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबविले तितका पुन्हा इजा होण्याचा धोका महिन्यागणिक सु. निम्म्याने घटला, असे आढळले. स्नायूंचे बल व उड्यांच्या चाचण्यांचे निकष पूर्ण करून परतलेल्यांपैकी ५·६ टक्के, तर ते पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८·२ टक्के रुग्णांच्या गुडघ्याला पुन्हा इजा झाली.

सर्वांत गंभीर प्रश्न दीर्घकालीन झिजेचा आहे. स्टेफान लोहमांडर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इजेनंतर १२ वर्षांनी स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंची तपासणी केली. क्ष-किरण चित्रे काढलेल्यांपैकी ५१ टक्के खेळाडूंच्या गुडघ्यात अस्थिसंधिशोथ आढळला. त्यांचे सरासरी वय तेव्हा अवघे ३१ वर्षे होते आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या खेळाडूंत या बाबतीत फारसा फरक नव्हता. कलम गुडघ्याला स्थैर्य देते. परंतु इजेच्या क्षणी कूर्चेला बसलेला आघात ते पुसून टाकीत नाही. पुढील इजांपासून अर्धचंद्राकृती कूर्चांना मिळणारे संरक्षण हा मात्र त्याचा खरा लाभ होय.

शस्त्रक्रियेची आवश्यकता : प्रत्येक रुग्णाला पुनर्रचना हवीच काय, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध स्वीडनमधील रिचर्ड फ्रोबेल व सहकाऱ्यांनी घेतला. त्यांच्या २०१० च्या अहवालातील १२१ तरुण रुग्णांपैकी एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली, तर दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन व पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी ३० जणांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. उरलेल्यांची ती टळली. याउलट इजा जुनी होऊन गुडघा वारंवार दगा देत असेल, अशा ३१६ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेचा पक्ष सरस ठरला. या दोन्ही चाचण्या परस्परविरोधी नाहीत. ताज्या इजेत वाट पाहण्यास जागा असते; अस्थिरता ठरून गेल्यावर ती उरत नाही, असा त्यांचा एकत्रित अर्थ होतो.

अलीकडील प्रवृत्ती : मागे पडलेल्या दोन कल्पना नव्या रूपात परत आल्या आहेत. कॅनडा व यूरोप येथील ६१८ तरुण रुग्णांच्या २०२० मधील चाचणीत, मांडीमागील कंडरेच्या कलमाला लमेअर पद्धतीच्या बाह्य पट्टीची जोड दिली असता दोन वर्षांत कलम तुटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. तसेच बॉस्टन येथील मार्था मरी यांनी तुटलेल्या टोकांमध्ये रुग्णाचे रक्त शोषून धरणारा प्रथिनयुक्त स्पंज बसवून अस्थिबंध स्वतःच जुळावा, अशी पद्धत विकसित केली. अमेरिकेत तिला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मेयो रॉब्सन यांचा टाका ज्या कारणाने निष्फळ ठरत होता, त्या गुठळीच्या अभावावरच हा उपाय आहे. त्याचे अंतिम मूल्यमापन दीर्घ मुदतीच्या पाहणीनंतरच होऊ शकेल.

माणूस चालू लागला की शस्त्रक्रिया यशस्वी, अशी समजूत १८९५ मध्ये होती. त्यानंतर सांध्याचा घट्टपणा, रुग्णाचे समाधान, खेळाकडे परतणे, पुन्हा इजा न होणे आणि मध्यम वयात सांधा निरोगी राहणे असे एकामागून एक निकष वाढत गेले. पाहणीचा काळ जसजसा वाढला तसतसे दावे अधिक संयत झाले. रुग्णाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा, की शस्त्रक्रियेचा दिवस हा उपचाराचा शेवट नसून आरंभ असतो. कलम चांगले बसविणे शल्यविशारदाच्या हाती असते. ते पक्व होईपर्यंतचा सुमारे वर्षभराचा नियमित व्यायाम आणि संयम यांवर पुढील अनेक वर्षांचे गुडघ्याचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून राहते.